आठशेचं पाणी: फेब्रुवारी ते मे

गाडी मारुती ८००, १९९७ची, कार्बोरेटरवाली. बाबांनी नवी घेतली होती, आता माझ्याकडे आहे. साताऱ्यात राहतो, त्यामुळे घाट चुकत नाही: पुण्याला निघालं की खंबाटकी, पाचगणीला पसरणी, कासला यवतेश्वर. कूलिंगचं काम नीट झाल्याशिवाय या गाडीवर पुढचं काहीच करायचं नाही, असं ठरवून फेब्रुवारीत सुरुवात केली.

फेब्रुवारी, दुसरा आठवडा

लक्षण एकच. रिझर्व्हरची बाटली दर दहा-बारा दिवसांनी ‘लो’च्या खाली जायची. पाणी टाकायचं, की पुन्हा तेच. इंजिनातला पाण्याचा मार्ग बंदिस्त आहे, पाणी कुठेतरी जातंय म्हणजे कारण आहे, आणि ते सापडेपर्यंत बाटलीत ओतणं थांबवायचं. बाटलीवर मार्करने रेघ मारली आणि वहीत तारीख आणि किलोमीटर लिहायला लागलो. या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी गोष्ट ती वही निघाली.

सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडलं. आत चहासारखं पाणी, तोंडाशी पांढरट-तांबूस खपली. मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक धातूला न लावता पाण्यात बुडवलं: ०.६ व्होल्ट. ०.३च्या आत असेल तर ठीक समजतात. त्याच्या वर गेलं म्हणजे गंजरोधक रसायनं संपली आणि लोखंड, अॅल्युमिनियम, पितळ यांची त्या पाण्यात बॅटरी तयार झाली. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, अॅल्युमिनियमचं, त्यामुळे आधी तेच खाल्लं जातं.

कारणही उघड आहे. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी पडलंय. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. कुकरच्या तळाशी जो थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

हेडखालचं गॅस्केट फुटून पाणी इंजिनात जातंय की काय, ही भीती होती. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, तोंडाशी बुडबुडे नाहीत. ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय नाही, सायलेन्सरला गोड वासाचा धूर नाही. जीव भांड्यात पडला.

फेब्रुवारीअखेर: व्हॉल्व्हच नाही

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. त्याचं घर उघडलं, तर आत रिकामं! कधीतरी कुणी मेकॅनिकने ‘गाडी तापते’ म्हणून व्हॉल्व्ह काढून टाकला होता. आपल्याकडे हा सर्रास उपाय आहे आणि मला तो पूर्ण चुकीचा वाटतो. व्हॉल्व्ह काढल्याने रेडिएटरची ताकद वाढत नाही. इंजिन मात्र हायवेवर, विशेषतः थंडीत, कधीच पुरेसं तापत नाही. चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधला दमटपणा उडत नाही. माझ्या गाडीचा काटा हायवेला तळाशी आणि घाटात वर का, याचं अर्धं उत्तर इथे होतं. उरलेलं अर्धं रेडिएटरात.

नवा व्हॉल्व्ह आणला, ८२ अंशांचा. बसवण्याआधी गॅसवर पातेल्यात दोऱ्याने टांगला, शेजारी थर्मामीटर. ८२च्या जरा पुढे फट दिसायला लागली, नव्वदीत पूर्ण उघडला. दहा मिनिटांचं काम आहे, नवा भाग असला तरी करावं. बसवताना छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते.

मार्च: रेडिएटर

आधी घरी धुऊन पाहिलं. चार लिटर पाण्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व, वीस मिनिटं इंजिन चालू, मग लगेच काढून साध्या पाण्याने चार वेळा खळखळून. अॅल्युमिनियमला आम्ल जास्त वेळ चालत नाही, म्हणून रात्रभर ठेवण्याचा मोह टाळा. बरंच तांबडं निघालं, पण रेडिएटरवर हात फिरवला तर मधला पट्टा थंडच. नळ्या बंद.

शेवटी रेडिएटर उतरवून मिस्त्रींकडे नेला. हा जुना तांब्या-पितळेचा आहे, त्यामुळे वरची टाकी डाग (सोल्डर) काढून उघडता येते आणि नळ्यांतून सळ्या मारता येतात. पुढच्या गाड्यांच्या अॅल्युमिनियम-प्लॅस्टिक रेडिएटरला ही सोय नाही. मिस्त्री म्हणाले, “दादा, निम्म्या नळ्या बंद आहेत. एवढी वर्षं गाडी चालली कशी?” सळ्या मारल्या, टाकी पुन्हा डागली, हवा भरून हौदात बुडवून दाखवली. एकही बुडबुडा नाही. निघताना त्यांनीही सांगितलं, “साधं पाणीच टाका, आपल्याकडे कुठे बर्फ पडतोय?”

हा समज फार खोल आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव, बर्फासाठी असतं हे अर्धंच खरं. आपल्याला त्यातली गंजरोधक रसायनं हवीत, पंपाच्या सीलला मिळणारं वंगण हवं आणि उकळबिंदू वर न्यायचा आहे. पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर, तिथे उघड्या भांड्यात पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. ०.९ बार दाबाचं झाकण धड असेल तर समुद्रसपाटीला तेच पाणी ११८पर्यंत तग धरतं आणि कूलंटमधल्या ग्लायकॉलने त्यात आणखी भर पडते. उलट ग्लायकॉल फार वाढवण्यातही अर्थ नाही, कारण ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. आपल्या हवेत ३० ते ३५ टक्के पुरे.

मी हिरवं कॉन्सन्ट्रेट घेतलं, डब्यावर आयएस ५७५९ हे कूलंटचं भारतीय मानक पाहून. रंगावर विश्वास ठेवू नका, रंगाला कसलाही नियम नाही. वेगळ्या जातीचं कूलंट एकमेकांत मिसळू नका. आणि डबा तयार मिश्रणाचा असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नका, ते नुसतं पातळ होतं. ब्लॉकमध्ये थोडं पाणी अडकून राहतंच, म्हणून शेवटचं खळखळणं डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने केलं, मग आधी १.२ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि वर डीएम पाणी. एकूण साडेतीन लिटरच्या थोडं पुढे बसलं.

हवा काढायला आमच्या गल्लीचा चढ कामी आला. नाक वर करून गाडी उभी, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबलो.

जुनं पाणी, त्यात कधीचं कूलंट उरलं असेल म्हणून, बंद कॅनमध्ये ठेवलंय. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. गटारात किंवा अंगणात ओतलं तर गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात. हे कृपा करून टाळा.

एप्रिल: दोन चोर

पातळी तरीही उतरत होती, फक्त हळू. वहीत एक नोंद होती: सकाळी वरचा होज (रेडिएटरची रबरी नळी) चपटा. त्यावरून पहिला चोर सापडला. झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा दाब वाढला की पाणी बाटलीत सोडतो, मधला इवलासा इंजिन थंड होताना ते परत आत घेतो. माझा इवलासा खपलीने अधूनमधून चिकटत होता. चिकटला की पाणी बाटलीत जायचं, परत यायचं नाही, बाटली भरून वाहायची आणि आत पोकळी पडून होज चपटायचा; सुटला की बाटलीतलं उरलेलं पाणी आत जायचं आणि पातळी उतरायची. नवं झाकण, त्याच ०.९चं. दुसऱ्या दिवशी होज गोल.

दुसरा चोर वॉटर पंप. त्याच्या खालच्या छिद्रापाशी हिरवा ओघळ दिसला. आतापर्यंत तिथे गंजाने बूच मारलेलं असणार, लिंबूसत्त्वाने ते धुऊन नेलं. पंप, पट्टा आणि दोन्ही मोठे होज एकदमच बदलले. पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून साधारण एक सेंटिमीटर.

मे

दुपारी दोन वाजता वाईहून पसरणी घाट, चौघं जण, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. काटा मध्याच्या किंचित वर गेला आणि तिथेच थांबला. पाचगणीला थांबल्यावर पंखा लागला, दीड मिनिटात बंद. बाबा शेजारी बसले होते. म्हणाले, “नवी होती तेव्हा अशीच चढायची.”

मल्टिमीटर आता ०.१ दाखवतो. पंप बदलल्यापासून ६४० किलोमीटर झाले, बाटलीतली पातळी मार्करच्या रेघेवर आहे. उरलंय ते हीटरच्या दोन नळ्यांचं काम. टोकाशी भेगा दिसतायत आणि फायरवॉलकडची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडची) क्लिप माझ्या पान्याला सापडत नाही. कुणी डॅशबोर्ड न उतरवता ती काढली असेल तर कुठल्या बाजूने हात घातला ते सांगा, जूनच्या पावसाआधी उरकायचंय.