तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला रेल्वे डायोरामा, म्हणजे छोट्या प्रमाणातला देखावा, कशाचा करावा?

"पहिलाच डायोरामा आहे. डोंगर-बोगदा करू की कारखान्याचं आवार?" आवारच करा. डोंगर फसला की लगेच नजरेत भरतो. खाचखळग्यांची जमीन, गंज आणि तेलाचे डाग मात्र कारखान्यात शोभतात.

एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात, म्हणजे १:८७ प्रमाणात, ६० बाय ३० सेंटिमीटरचा पाया पुरतो. प्रत्यक्षात ती ५२ बाय २६ मीटर जागा होते. एक सरळ साइडिंग (मुख्य मार्गाच्या बाजूचा रूळ), मालधक्का आणि मागे शेडची फक्त ४ सेंटिमीटर खोलीची दर्शनी बाजू. सांधा, म्हणजे गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारी जोडणी, या वेळी नकोच, त्याच्या पात्यांत गोंद गेला की ती हलत नाहीत.

६ मिलिमीटर प्लायवर २५ मिलिमीटरचा एक्सपीएस (थर्मोकोलसारखा, पण दाट आणि कडक) फोम पांढऱ्या गोंदाने चिकटवा. नुसत्या पुठ्ठ्यावर काम केलंत, तर वरचा ओला गोंद सुकताना आकसतो आणि पाया वाकतो. फोमवर स्प्रे रंग मारू नका. त्यातलं सॉल्व्हंट फोम खातं.

मुख्य मार्गासारखा खडीचा उंच बांध साइडिंगला नसतो, म्हणून खाली कॉर्क न घालता रूळ थेट फोमवर बसवा. जमीन भरण्याआधीच रुळांच्या कडांना गंजट तपकिरी रंग द्या आणि माथे पुसून घ्या. नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

खरी कसोटी रूळ जमिनीत बुडवण्यात आहे. फिलर, म्हणजे भेगा भरायची पुट्टी, एकदम जाड थापला की सुकताना तडकतो, त्यामुळे दोन थर द्या. शेवटची पातळी रुळाच्या माथ्याखाली अर्धा मिलिमीटर ठेवा, नाहीतर माथे घासून साफ करताना जमीनही खरवडली जाते. दोन्ही रुळांच्या आतल्या बाजूने दीड मिलिमीटरची खाच हवी, कारण चाकाची कड तिथूनच जाते. फिलर कच्चा असतानाच जुनी वाघीण (मालाचा डबा) फिरवा. कुठे उचलली जाते ते लगेच कळतं.

उरलेल्या भागात बारीक खडी कोरडीच पसरा. आधी साबणाचा थेंब घातलेलं पाणी फवारा, मग एक भाग गोंद आणि दोन भाग पाणी ड्रॉपरने सोडा. कोरड्या खडीवर थेट गोंद टाकला, तर तो गोळा होऊन खड्डे पाडतो. चोवीस तास हात लावू नका.

धक्क्याची उंची रुळाच्या माथ्यापासून साधारण १३ मिलिमीटर, म्हणजे वाघिणीच्या तळाइतकी. रुळापासूनचं अंतर मात्र पट्टीने नव्हे, तुमच्याकडची सर्वांत रुंद वाघीण ढकलून ठरवा.

गंजासाठी पेस्टल खडूची पूड कोरड्या ब्रशने लावा. पत्र्याच्या जोडांवर आणि पाणी ओघळतं तिथेच, सगळीकडे नाही. वर मॅट वार्निश दिलं की ही पूड बरीच फिकी पडते, म्हणून आधी थोडी गडदच ठेवा.