पॅरेंट पॉम सापडत नाही तेव्हा

आज नव्या मशीनवर जेंकिन्सचं (बिल्ड आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) प्लगइन मेव्हनने, म्हणजे जावा प्रकल्प बांधणाऱ्या साधनाने, बिल्ड करायला घेतलं आणि तिसऱ्याच ओळीला एरर: 'नॉन-रिझॉल्व्हेबल पॅरेंट पॉम'. पॉम म्हणजे मेव्हनची प्रकल्पाची माहिती देणारी फाईल, आणि ती जिच्याकडून सेटिंग्ज घेते तो पॅरेंट पॉम. कोडचा यात काही दोष नसतो. जेंकिन्स प्लगइनचा पॅरेंट पॉम मेव्हन सेंट्रलवर, म्हणजे मेव्हन एरवी जिथे शोधतो त्या सार्वजनिक साठ्यावर, नाहीच, तो जेंकिन्सच्या स्वतःच्या सार्वजनिक रिपॉझिटरीत असतो. मेव्हनला त्या रिपॉझिटरीचा पत्ता आपल्याच पॉममध्ये द्यावा लागतो, कारण पॅरेंट हाती येण्याआधी त्याच्या आतलं काही वाचताच येत नाही.

पत्ता दोनदा द्यायचा: एकदा 'रिपॉझिटरीज'मध्ये, एकदा 'प्लगइनरिपॉझिटरीज'मध्ये. पहिल्यातून डिपेंडन्सी (कोडला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी) येतात, दुसऱ्यातून बिल्डची साधनं, जसं एचपीआय फाईल (जेंकिन्स प्लगइनचं तयार पॅकेज) बांधणारं मेव्हन-एचपीआय प्लगइन. पत्ता एचटीटीपीएसचाच हवा, मेव्हन 3.8.1 पासून साधं एचटीटीपी मुळातच अडवलं जातं.

सगळं बरोबर लिहूनही तीच एरर आली तर घाबरू नका. मेव्हन अपयशही जपून ठेवतो आणि सहसा दिवसभर पुन्हा विचारतच नाही. कमांडला हायफन आणि कॅपिटल यू (-U) जोडा, तो नव्याने शोधतो.

ऑफिसच्या नेटवर्कवर एकदा मेव्हनची सेटिंग्ज फाईलही उघडून बघाच. 'मिररऑफ'मध्ये नुसती चांदणी (*, म्हणजे सगळ्या रिपॉझिटरी) असेल, तर पॉममधला पत्ता कितीही अचूक असो, सगळी मागणी ऑफिसच्या मिररकडे, म्हणजे रिपॉझिटरीऐवजी वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरकडे, वळते. त्या रिपॉझिटरीला यातून सूट द्यायला चांदणीपुढे स्वल्पविराम, उद्गारचिन्ह आणि पॉममधला रिपॉझिटरीचा आयडी लिहा. आयडी अक्षरशः जुळला पाहिजे, एक हायफन चुकला तरी सूट लागू होत नाही.