तीनशे साठ उड्या आणि पाच स्क्वॉट

माझ्या व्यायामाच्या वहीत दोन प्रकारची पाने आहेत. सुरुवातीच्या पन्नास-साठ पानांवर केवळ मिनिटे आणि कॅलरी लिहिलेल्या आहेत: २० मिनिटे, २१० कॅलरी, २५ मिनिटे, २६० कॅलरी. पुढच्या पानांवर वजन, सेट आणि रेप (हालचालीची एक आवृत्ती म्हणजे एक रेप, सलग केलेल्या रेपांचा एक सेट) यांचे आकडे आहेत आणि कॅलरींचा उल्लेख कोठेही नाही. या दोन भागांच्या मधे एक कोरे पान सोडलेले आहे. उजवा गुडघा दुखत होता आणि मी काहीच करत नव्हते, त्या सहा आठवड्यांचे ते पान आहे.

पहिल्या भागाच्या काळात, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापासून पुढे दीड वर्ष, मी घरच्या घरी फोनवर व्हिडिओ लावून व्यायाम करत होते. चाळीस सेकंद काम, वीस सेकंद विश्रांती, अशा एकामागून एक वीस फेऱ्या; त्यांत जंपिंग जॅक (हातपाय फाकवत मारलेल्या उड्या), जंप स्क्वॉट (स्क्वॉट म्हणजे बैठक, तिच्यातून उठताना उडी), बर्पी (खाली बसून हात टेकायचे, पाय मागे फेकायचे, पुशअप मारायचा आणि उठून उडी मारायची), माउंटन क्लाइंबर (हातांवर आडवे राहून गुडघे आळीपाळीने छातीकडे ओढणे) असे सगळे येई. त्या व्यायामाने मला काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दम वाढला, चार मजले चढून गेल्यावरही बोलता येऊ लागले, आणि ठरलेल्या वेळी अंग हलवण्याची जी सवय तेव्हा जडली ती आजही माझ्या उपयोगी पडते. ताकद मात्र दीड वर्षात तसूभरही वाढली नाही. पुस्तकांनी भरलेले खोके जमिनीवरून उचलून माळ्यावर ठेवायचे असले की पूर्वी कोणाला तरी हाक मारावी लागे, तशीच ती तेव्हाही मारावी लागत होती.

मग जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीखाली, बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी, कळ येऊ लागली. काही दिवस मी ती अंगावर काढली, मग सहा आठवडे व्यायामच बंद ठेवला. अखेर फिजिओथेरपिस्टकडे गेले, तेव्हा त्यांनी नेमक्या त्याच जागी अंगठा दाबला आणि वाटीपासून नडगीच्या हाडाकडे जाणारी कंडरा (टेंडन, स्नायूचा जोर हाडापर्यंत पोहोचवणारी चिवट दोरी) दुखावली आहे असे सांगितले. नंतर त्यांनी विचारले, “आठवड्याला उड्या किती मारत होतात?” मिनिटे किती ते मला सांगता येत होते, कॅलरी सांगता येत होत्या, पण उड्या मी कधी मोजल्याच नव्हत्या. घरी येऊन मी नेहमीचा व्हिडिओ नुसता बसून पाहिला आणि मोजणी केली. वीस फेऱ्यांपैकी नऊ फेऱ्या उड्यांच्या होत्या, आणि प्रत्येक फेरीत साधारण चाळीस वेळा पाय जमिनीवर आदळत होते. म्हणजे एका दिवसाला तीनशे साठ, आणि आठवड्यातून चार दिवस हे चाले.

चालताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून येणारा दाब आपल्या वजनाच्या जेमतेम सव्वापट असतो. धावताना तो दोन ते तीन पट होतो, आणि उंच उडी मारून खाली येताना त्याहूनही बराच वर जाऊ शकतो. हा भार वाईटच असतो असे मुळीच नाही, कारण शरीर भाराच्याच जोरावर घडते. प्रश्न तो भार कोणत्या अवस्थेत झेलला जातो याचा असतो. पहिल्या फेरीत माझे गुडघे पावलांच्या रेषेत राहत आणि मी टाचा अलगद टेकवत असे. सतराव्या फेरीत तेच गुडघे आत कलत आणि पाऊल थपकन आपटे, कारण मांड्या आणि नितंब यांचे स्नायू थकून गेल्यावर धक्का शोषून घेणारे कोणी उरत नसे. व्हिडिओतला आवाज मात्र तेव्हाच सर्वांत मोठ्याने “थांबू नका, वेग वाढवा” असे सांगत असे. नेमक्या थकलेल्या क्षणी वेग वाढवायला सांगणारी ही रचनाच मला आज सर्वांत जास्त खटकते.

या व्यायामांचा उगम वाचला तेव्हा मला आणखी आश्चर्य वाटले. आज ‘ताबाता’ या नावाखाली घरोघरी उड्या मारल्या जातात. जपानमधील इझुमी ताबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला मूळ प्रयोग मात्र स्थिर सायकलवर झाला होता. वीस सेकंद अतितीव्र पेडलिंग आणि दहा सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या, आणि त्या करणारे सगळे व्यायामाची सवय असलेले तरुण होते. सायकलवर पाय कोठेच आपटत नाहीत, त्यामुळे हृदय आणि फुप्फुसे यांचा पुरता कस लागत असताना सांध्यांना धक्का बसत नाही. बर्पीची कथाही अशीच आहे. रॉयल बर्पी या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९३०-४० च्या सुमारास ती तयार केली ती एक चाचणी म्हणून. ती मोजक्या वेळा करायची आणि आधीची व नंतरची नाडी ताडून पाहायची. तिच्यात शेवटची उडीही नव्हती आणि मधला पुशअपही नव्हता. तंदुरुस्ती मोजण्यासाठी केलेले माप आपण व्यायाम म्हणून शंभर-शंभर वेळा वापरू लागलो.

गुडघ्याच्या उपचारासाठी मला जे सांगण्यात आले त्यावर माझा सुरुवातीला विश्वास बसेना. उड्या बंद, पण विश्रांतीही नाही. पायांवर वजन घ्यायचे, हळूहळू वाढवत न्यायचे, आणि प्रत्येक हालचाल तीन सेकंद खाली आणि तीन सेकंद वर अशी संथ करायची. याच कंडरेच्या दुखण्यावर २००९ साली डेन्मार्कमध्ये झालेला एक अभ्यास मी नंतर वाचला. त्यातही हाच क्रम होता: बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, सहा सेकंदांचा एक रेप, आणि पंधरा रेप झेपतील अशा वजनापासून सुरुवात करून सहाच झेपतील अशा वजनापर्यंत चढत जाणे. स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून ते लवकर सुधारतात. कंडरेला तो कमी असतो आणि तिची बांधणी सावकाश बदलते. तिला घाई चालत नाही, पण तिला वजन मात्र लागते. माझी कळ नवव्या-दहाव्या आठवड्यात जिना उतरताना येईनाशी झाली. पहिल्या दिवशी मी आठ किलोचे डंबेल छातीशी धरून गॉब्लेट स्क्वॉट केले होते. आज, चौदा महिन्यांनी, बारबेल (दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या लावायचा लांब दांडा) पाठीवर घेऊन पन्नास किलोचे पाच करते.

त्या पाचांपैकी शेवटच्या स्क्वॉटचे वर्णन करण्याचा मोह मला आवरत नाही. चार झालेले असतात. दांडा खांद्यांच्या मागे, मानेच्या खालच्या भरीव भागावर टेकलेला असतो. टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ या तिन्ही ठिकाणी भार सारखा पडला आहे ना हे मी तपासते, पोटात श्वास भरून घेते आणि पोट, कुशी, पाठ असे सगळे चहूबाजूंनी ताठ करते. मनात तीन मोजत खाली जाते. तळाशी क्षणभर थांबून सगळ्या ताकदीनिशी जमीन पायांखाली ढकलते, आणि तरीही दांडा अर्ध्या वाटेवर जवळजवळ थबकतो. तेथे दोन सेकंद तरी असे जातात की पुढे काय होईल ते माहीत नसते. मग तो हळूच पुन्हा सरकू लागतो. पाहणाऱ्याला ही हालचाल संथ दिसते, पण माझ्याकडून जोर पूर्ण वेगाने लावलेला असतो आणि संथपणा सगळा त्या वजनामुळे आलेला असतो. एवढे होऊन मला फारसा घामही आलेला नसतो.

हे का उपयोगी पडते, याचे उत्तर आपल्या मज्जासंस्थेत आहे. एल्वूड हेनेमन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९५० आणि १९६०च्या दशकांत दाखवून दिले की मज्जासंस्था स्नायूंतील मोटर युनिटे (एक चेतापेशी आणि ती चालवते ते स्नायुतंतू) लहानाकडून मोठ्याकडे अशा क्रमाने कामाला लावते. हलक्या कामाला लहान युनिटे पुरतात, आणि सर्वांत मोठी व बळकट युनिटे साधारणपणे फार मोठा जोर लावावा लागला तरच जागी होतात. मला जंपिंग जॅक तासभर करता आले असते, याचाच अर्थ ते माझ्या पायांच्या ताकदीसाठी फार हलके होते. दम लागत होता तो हृदयाला, पायांच्या मोठ्या युनिटांना हाक पोहोचतच नव्हती. थकवा आणि बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दीड वर्ष मी पहिलीला दुसरीची पावती समजत होते.

संथपणाचेही स्तोम माजवण्याचे कारण नाही. एका रेपला पंधरा-पंधरा सेकंद लावण्याची पद्धतही प्रचलित आहे, पण तेवढ्या संथपणे करायचे तर वजन इतके उतरवावे लागते की मूळ हेतूच बाजूला पडतो. स्नायूंच्या वाढीच्या दृष्टीने एक रेप दोन सेकंदांत झाला काय किंवा सहा सेकंदांत झाला काय, फारसा फरक पडत नाही. खाली येताना वजन आपल्या ताब्यात असावे आणि ते महिन्यामहिन्याने वाढत जावे, या दोन गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या आहेत. थॉमस डिलोर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी १९४५ साली जखमी सैनिकांच्या पायांसाठी हीच क्रमाक्रमाने वजन वाढवण्याची पद्धत मांडली होती.

मला सर्वांत जड गेली ती विश्रांती. जड सेटनंतर तीन मिनिटे बसून राहायचे, हे उड्यांच्या सवयीला आळस वाटे. पण स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनचा (काही सेकंदांच्या जोरदार कामासाठी लागणाऱ्या इंधनाचा) साठा पुन्हा भरून यायला तीन ते पाच मिनिटे लागतात. तो भरण्याआधीच दांड्याखाली गेले की पाचचे तीनच होतात. आता मी त्या वेळात वही लिहिते.

वजने महाग पडतात किंवा घरात जागा नसते, ही अडचण खरी आहे, आणि त्यावर पूर्ण तोड नाही. तरीही पुस्तकांनी भरलेली पाठपिशवी आणि एक भक्कम खुर्ची एवढ्यावर पुष्कळ काही होते. मागचा पाय खुर्चीवर ठेवून एका पायावर केलेला स्प्लिट स्क्वॉट, तीन सेकंद मोजत खाली जाऊन, आठ वेळा करून पाहावा. रक्तदाब जास्त असेल तर श्वास रोखून वजन उचलण्याआधी डॉक्टरांना विचारणे मात्र आवश्यक आहे.

“या वयात वजने?” असे मला अनेकदा विचारले जाते. त्यावर मी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगाबद्दल सांगते. त्यात शुश्रूषागृहात राहणाऱ्या, सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा जणांकडून देखरेखीखाली पायांचा जड व्यायाम करून घेतला गेला, आणि तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद आठ आठवड्यांत सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

एवढे लिहिल्यावर कोणी उड्या कायमच्या सोडाव्यात असा अर्थ काढला तर ते मला मान्य होणार नाही. हृदयासाठी वेगळा व्यायाम लागतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम, असे दोन्ही सांगितले आहे. मी पहिल्यासाठी भरभर चालते. हाडांना तर धक्का हवाच असतो. ऑस्ट्रेलियातील ‘लिफ्टमोर’ या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता कमी झालेल्या १०१ स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जड डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे), स्क्वॉट आणि ओव्हरहेड प्रेस (वजन डोक्यावर ढकलणे) केले, आणि त्याच्या जोडीला उंचावरून खाली उतरण्याचा धक्काही झेलला; त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढली. घरच्या घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटात ती घटली. मात्र तेथे धक्का होता तो मोजून-मापून दिलेला होता, आणि तो झेलणाऱ्या पायांना त्याच काळात जड वजनाची सवय लावली जात होती.

म्हणून गेल्या महिन्यापासून माझ्या वहीत उड्या परत आल्या आहेत. व्यायामाच्या अगदी सुरुवातीला, पाय ताजे असताना, पाच उड्यांचे तीन सेट. प्रत्येक उडीनंतर गुडघे वाकवून, शक्य तितका कमी आवाज करत उतरायचे आणि पूर्ण थांबायचे; आवाज मोठा झाला की तो सेट तेथेच संपवायचा. काल तिन्ही सेट पूर्ण झाले. मग दोन मिनिटे बसले, वहीत “५, ५, ५, आवाज नाही” असे लिहिले, आणि दांड्याला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोच्या चकत्या जास्तीच्या लावल्या.