चिंचेखालचा शेंदूर

मी अंबाजोगाईला एका फोटो स्टुडिओत एडिटिंग करते, आठ वर्षं झाली. लग्नसराईत अल्बमच इतके असतात की मान वर करायला फुरसत नसते, आणि सराई ओसरली की मग माझं आवडीचं काम सुरू होतं, म्हणजे लोकांनी काढलेल्या झाडाडोंगरांच्या फोटोंना पेंटिंगचं रूप देऊन कॅनव्हासवर छापून द्यायचं. पळस फुललेला बालाघाटचा डोंगर, जायकवाडीच्या पाण्यातले रोहित पक्षी असलं काही आलं की मी डबा खायचा पण विसरते. पण मागच्या जूनमध्ये जे काम आलं तसं आधी कधी आलं नव्हतं.

केजकडच्या एका खेड्यातून बापलेक आले होते. लेक असेल पस्तिशीचा, आबा पंच्याहत्तरीच्या पुढचे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. रस्ता रुंद करताना त्यांच्या बांधावरची जुनी चिंच गेली होती. तिचा फोटो घरात एकच, कुण्या पाहुण्यानं मे महिन्यात भर दुपारी मोबाईलवर काढलेला आणि व्हॉट्सअपवर इकडून तिकडं फिरून आलेला. "ताई, तीन बाय चार फुटाचं पेंटिंग करून द्या, ओसरीत लावायचंय," लेक म्हणाला.

मी फाईल उघडली तर 1200 बाय 1600 पिक्सेल. तीन बाय चार फूट म्हणजे 36 बाय 48 इंच, म्हणजे एका इंचाला जेमतेम 33 पिक्सेल येणार. कॅनव्हासला मी निदान 150 धरते. म्हणजे फोटो साडेचार पट ताणायचा, आणि जेपीजी फाईल फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून साठवते, ते चौकोन पण तेवढेच ताणले जाणार आणि पानांच्या जागी फरशी बसवल्यासारखं दिसणार. फोटो म्हणून हे छापणं शक्यच नव्हतं. पेंटिंग म्हणून होतं, कारण पेंटिंगमध्ये पान न् पान दिसावं अशी कुणाची अपेक्षा नसते, ब्रशचा फटकारा चांगला दिसला पाहिजे.

लेकानं आधी मोबाईलमधल्या एका एआय अ‍ॅपवर करून बघितलं होतं, तेही दाखवलं. दिसायला सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. सोनेरी उजेड, मागं धुकं, सरळसोट खोड. आबांनी मोबाईल डोळ्याजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाले, "ही आमची चिंच न्हाई. ह्यी कुनाची हाय कुनाला ठावं."

मी नेहमीच्या पद्धतीनं सुरुवात केली. फोटोशॉपचा ऑइल पेंट फिल्टर, म्हणजे फोटोला तैलरंगाच्या चित्रासारखं रूप देणारी सोय, पिक्सेल मोजून चालतो, त्यामुळं मोठ्या फाईलवर लावला तर त्याचे फटकारे केसासारखे बारीक येतात, नजरेला कळतच नाहीत. म्हणून मी आधी लहान फाईलवरच तो लावते आणि मग फाईल मोठी करते, म्हणजे फटकारे पण मोठे होतात. पण व्हॉट्सअपनं दाबलेल्या फोटोत आभाळात जो कचरा असतो त्यालाही फिल्टर आकार समजतो, आणि झालं तसंच, आभाळभर जिलबीची वेटोळी आणि चिंचेच्या बारीक पाल्याच्या अळ्या. त्यामुळं आभाळावरचा फिल्टर मास्कनं, म्हणजे नको तेवढा भाग झाकून, पुसून टाकला, खोड आणि फांद्यांवर थोडासा ठेवला, आणि बाकी सगळं पेन टॅब्लेट घेऊन मिक्सर ब्रशनं, म्हणजे खालचा रंग ओल्या रंगासारखा मिसळत ओढणाऱ्या ब्रशनं, हातानं करायला घेतलं. फोटोवर पारदर्शक कागद ठेवावा तसा नवीन रिकामा लेयर, सॅम्पल ऑल लेयर्स चालू, म्हणजे रंग खालच्या फोटोतूनच उचलला जातो पण फोटो तसाच शाबूत राहतो. खोडावर फटकारा बुंध्याकडून वर, पाल्याला नुसते टिपके, आभाळाला आडवा लांब हात.

आबा जायला तयारच नव्हते. लेक बाजारातली कामं उरकून येतो म्हणाला, मी आबांना शेजारी खुर्ची दिली. स्क्रीनवर चेहरा टेकवून बसले. "काय करायलीस माय?"

"सावली साफ करायलेय आबा, लई काळी आलीय."

शॅडोजचा स्लायडर वर ओढला तसा झाडाखालचा काळा पट्टा राखाडी झाला आणि त्यात एक नारिंगी डाग उमटला, नखाएवढा, कडा फुटलेल्या. फोटो दाबताना रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा जास्त गाळली जाते, म्हणून लाल-नारिंगी असे पसरतात, तसला काहीतरी दोष असणार असं धरून मी तो पुसायला ब्रश टेकवला. खरं तर फिल्टरनं तो आधीच निम्मा गिळला होता.

"आगं, थांब थांब! म्हसोबा हाय तिथं!"

माझा हात तिथंच थांबला. आबा सांगायला लागले, त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून बुंध्याला टेकून म्हसोबाचा दगड होता, पेरणीच्या आधी नारळ फुटायचा. तो कुठं नेला विचारलं तर म्हणाले, उचलून विहिरीपाशी ठेवलाय, पण तिथं ऊन लागतं. मग मी त्यांना विचारत गेले आणि ते सांगत गेले, शेंदूर नव्यासारखा चकचकीत नको, थरावर थर बसून काळपटलेला, वरच्या बाजूला तेलाचा ओघळ. फोटोत हे काहीच नव्हतं, फोटोत फक्त तो नखाएवढा डाग. दगड मी वेगळ्या लेयरवर रंगवला. एवढा एकच ऐवज मी आबांच्या शब्दावर रंगवला आणि तो खरा आहे याबद्दल मला अजून शंका नाही.

मग सावलीचं निघालं. "दुपारी बी गार असायचं तिथं, हितं तर अंधार दिसायलाय." बरोबर होतं त्यांचं. चिंचेची पानं बारीक, सावली विरळ, खाली कवडसे पडतात. आणि कवडसे गोल असतात, पाल्यातली फट वाकडीतिकडी असली तरी, कारण तो प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याचंच बिंब असतं. फिल्टरनं त्यांचे फराटे करून ठेवले होते. सावलीतला काळा काढून मी निळसर राखाडी भरला आणि गोल ब्रशनं एकेक कवडसा मातीच्या पिवळ्यानं ठेवत गेले, तास दीड तास त्यातच गेला.

रंगाच्या बाबतीत मला कॉलेजच्या सहलीत बघितलेली अजिंठ्याची 1 नंबरची लेणी उपयोगी पडते. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवा दगड, निळा तेवढा बाहेरून आलेला, एवढ्यावर सगळी भिंत उभी आहे. मोबाईल आभाळ निळंभोर करतो आणि पाला पोपटी, पण आपल्याकडचं मे महिन्यातलं आभाळ धुळीनं पांढुरकं असतं हो. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, उतरवलं, निळा जवळजवळ काढूनच टाकला, आणि तेव्हा ते केज तालुक्यातलं शेत वाटायला लागलं.

लेक आल्यावर म्हणाला, लाईटचा खांब काढा, घाण दिसतोय. आबांनी नाही म्हटलं. त्याच खांबावरून विहिरीच्या मोटारीला पहिल्यांदा लाईट आली होती. मी सांगितलं की खांब ठेवते पण फिका करते, दोन फटकाऱ्यांत, म्हणजे ज्याला माहीत आहे त्याला दिसेल. दोघांनाही चाललं.

शेवटी मूळ फोटो आणि पेंटिंग शेजारी शेजारी लावून दाखवलं. आबांनी ऑपरेशन झालेला डोळा हातानं झाकला आणि राहिलेल्या डोळ्यानं पेंटिंगकडं बराच वेळ बघितलं. "ह्या डोळ्यानं मला समदं असंच दिसतंय," ते म्हणाले. मग हात बदलला, चांगल्या डोळ्यानं बघितलं. "ह्यानं बी तीच हाय."

कॅनव्हास प्रिंट छत्रपती संभाजीनगरच्या लॅबमधून आठ दिवसांनी आली. घेऊन जायला आबा स्वतः आले, एसटीनं, सोबत सुतळी आणि जुनं लुगडं गुंडाळायला. लेकाला तिथंच बजावलं की खिळा लई वर ठोकू नको, म्हसोबा हाताला आला पाहिजे.