तुम्ही विचारलंत म्हणून: ‘यात संगीत कुठंय?’

परभणीत कटिंगच्या दुकानापासून साखरपुड्याच्या पंगतीपर्यंत मला हे विचारून झालंय. ‘ते गुरगुरणं कसं काय ऐकतोस? आन् यात संगीत कुठंय?’ मी ऐकतो ते डेथ मेटल: जड गिटारी, धडधडते ड्रम्स आणि गुरगुरणारा गळा. एकदाच सांगतो.

अल्बम ‘डेथ’ या अमेरिकन बँडचा ‘ह्यूमन’, १९९१ चा. फ्लोरिडातल्या मॉरिसाउंड स्टुडिओत केलेला, जेमतेम ३४ मिनिटांचा. तुम्हाला गुरगुरणं ऐकू येतं, मला आधी शॉन राइनर्टचे ड्रम्स. विशीतलं पोरगं, कानात जॅझ-फ्यूजन, म्हणजे जॅझ आणि रॉकची सरमिसळ, मुरलेलं. दोन्ही पाय बेस ड्रमवर धडधडतायत आणि त्याच वेळी उजवा हात सिंबलवर, म्हणजे झांजेवर, भलतंच नाजूक काहीतरी वाजवतोय. स्टीव डिजॉर्जिओची बेस गिटार मात्र बाकीच्या गिटारींखाली गाडली गेलीय. २०११ च्या नव्या मिक्समध्ये, म्हणजे वाद्यांचे आवाज पुन्हा कमी-जास्त करून जुळवले तेव्हा, ती वर आली. मला तरी जुनंच मिक्स आवडतं. का, ते विचारू नका.

आता ती रात्र. सकाळी वडिलांच्या दशक्रियेला गंगाखेडला जायचं होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं. मी कॉम्प्युटरला हेडफोन लावून बसलो होतो. आत्या जेवायला बोलवायला आली, तिच्या पायात वायर अडकली, पिन निघाली आणि सगळा कल्लोळ स्पीकरवर. चुलतभावानं स्क्रीनवरचं नाव मोठ्यानं वाचलं. डेथ.

‘बाप जाऊन दहा दिस झाले न्हाईत, आन् मरणाची गाणी ऐकायलास?’

ही मरणाची गाणी नाहीत, बँडचा गायक-गिटारवादक चक शुल्डिनरनं रक्तामांसाचे विषय कधीच मागं टाकले होते, हे आत्याला काय सांगणार? आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गोदावरीच्या काठावर कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं. मागून कोणीतरी म्हणालं, ‘पोराचे असले शौक, कसा शिवंल?’ शेवटी दर्भाचा कावळा करून शिवून घेतलं. त्या वाक्याला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

पूर्वी मी ठासून सांगायचो की यात संताप-बिंताप काही नाही, गळा हे फक्त आणखी एक वाद्य. साफ खोटं. त्या रात्री मी ड्रम्स ऐकतच नव्हतो. मला रडू येत नव्हतं आणि माझ्याऐवजी कोणीतरी ओरडत होतं. पण मग नुसतं ओरडणंच हवं होतं तर कुठलाही बँड चालला असता. चालला नसता. एवढ्या कल्लोळात एकही ठोका जागा सोडत नाही, ते मला त्या रात्रीही हवं होतं. की हे मी आता जुळवतोय?

गुरगुरणं सोसतच नसेल तर यातलं ‘कॉस्मिक सी’ ऐका, त्यात गाणाराच नाही. आवडलं तर कृपा करून मला सांगायला येऊ नका. ‘बघ, तो माणूस गप्प बसला की किती छान वाटतं’ हे मला ऐकवणार नाही.