कुठे आहे ते सांगता येत नाही सर, पण पत्ता बदललाय

सैनिकाची पत्रं म्हटलं की आपल्याला आई आठवते, नाहीतर बायको, नाहीतर साखरपुडा झालेली मुलगी. सिनेमात पण तेच असतं. कॉलेजला पत्र लिहिणारा सैनिक कोणी दाखवत नाही. म्हणजे आपण तरी पास झाल्यावर कॉलेजला काय लिहितो, ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज, बस. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या पोरांनी आपापल्या कॉलेजला ढिगाने पत्रं लिहिली, आणि काही कॉलेजांनी ती नीट जपून ठेवली, आता स्कॅन करून ऑनलाइन पण टाकलीयत. गेले काही दिवस रात्री झोपायच्या वेळेला मी तीच उघडून बसतेय.

यातलं माझं आवडतं प्रकरण सॅन दिएगो स्टेट कॉलेजचं. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, नेव्हीचं गाव, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना अ‍ॅझ्टेक म्हणायची पद्धत. युद्धाच्या आधीपासूनच तिथली पोरं नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याच्या, 251 व्या कोस्ट आर्टिलरी (किनाऱ्यावरचा तोफखाना) रेजिमेंटमधे होती, आणि ही रेजिमेंट नेमकी हवाईमधे होती जेव्हा 7 डिसेंबर 1941 ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. म्हणजे या कॉलेजसाठी युद्ध पहिल्या दिवसापासूनच घरातलं होतं. 1941 मधेच कॉलेजने बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती, आणि त्या टीमचा सगळ्यात गाजलेला खेळाडू पुढच्याच वर्षी नेव्हीच्या विमान ट्रेनिंगमधे अपघातात गेला. लढाईत नाही, ट्रेनिंगमधे. असं बरंच झालं त्या युद्धात, आपल्या डोक्यात फक्त नॉर्मंडीची लढाई असते.

तर तिथे लॉरेन पोस्ट नावाचे भूगोलाचे प्रोफेसर होते. त्यांनी 1942 मधे अ‍ॅझ्टेक न्यूज लेटर नावाचं एक मासिक पत्रक सुरू केलं. कल्पना एकदम साधी, पोरांनी सरांना पत्र लिहायचं, सरांनी त्यातले तुकडे काढून छापायचे आणि तो अंक सगळ्या पोरांना पाठवायचा, जिथे कुठे असतील तिथे. थोडक्यात सर त्या ग्रुपचे अ‍ॅडमिन, फक्त एक मेसेज जायला आणि उत्तर यायला कधी कधी दोन-तीन महिने.

आता गंमत बघा. माणूस भूगोलाचा प्रोफेसर, आणि त्याचे विद्यार्थी जगभर पसरलेले, पण आपण कुठे आहोत ते एकालाही लिहायची परवानगी नाही! सेन्सॉरचे नियम कडक होते, ठिकाण नाही, जहाजाचं नाव नाही, युनिट कुठून कुठे चाललंय ते नाही, हवामान पण नाही, कारण पाऊस-थंडीवरून जागेचा अंदाज येतो. मग उरतं काय? डास, चिखल, जेवण आणि कोण भेटलं. पत्ता म्हणून फक्त एपीओ नंबर, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिसचा आकडा, आणि खाली पोस्टमास्टर सॅन फ्रान्सिस्को किंवा पोस्टमास्टर न्यूयॉर्क. त्यावरून एवढंच कळायचं की पोरगा पॅसिफिकच्या बाजूला गेलाय की अटलांटिकच्या. नेव्हीवाल्यांचं फ्लीट पोस्ट ऑफिस वेगळं.

आणि ही पत्रं वाचायचं कोण, तर साध्या सैनिकांची पत्रं त्यांच्याच युनिटमधले ऑफिसर वाचायचे. हे मला आधी माहीत नव्हतं. म्हणजे कालपर्यंत कॉलेजात असलेला बाविशीचा लेफ्टनंट दिवसभराचं काम आटपून रात्री कंदिलापाशी बसून आपल्याच माणसांची प्रेमपत्रं तपासतोय, ब्लेडने शब्द कापतोय. कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिलेलं असेल तर मागच्या बाजूचे निरपराध शब्द पण गेले. ज्याच्या हाताखाली लढायचं त्यानेच आपलं पत्र वाचलंय हे माहीत असताना माणूस घरी काय लिहिणार? अगदी बेतून लिहिणार. घरी तर तसंही खोटंच लिहायचं असतं, मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे, काळजी करू नको.

कॉलेजच्या पत्रांचा सूर यापेक्षा वेगळा लागतो, आणि माझं म्हणणं हेच आहे की तो सूर पत्त्यामुळे लागतो. सरांना काही आईसारखी काळजी वाटणार नाही, त्यामुळे समजूत काढायची गरज नाही. सरांवर इंप्रेशन मारायचं वय पण गेलेलं. शिवाय लिहिणाऱ्याला माहितीय की हे छापलं जाणार आणि आपल्या वर्गातले चार-पाच जण कुठल्यातरी बेटावर बसून ते वाचणार. त्यामुळे पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य भावनेचं नसतंच मुळी. ते असतं, सर माझा पत्ता बदललाय, नवीन नंबर हा. त्याच्या खालोखाल, अमुक तमुक सध्या कुठे आहे, त्याचा पत्ता पाठवा. मग अंक आत्ता मिळाला, तो पण जुना. मग फुटबॉलचं काय झालं. पुढे जागा उरली तर युद्ध.

ज्यांना हे वाचून कोरडं वाटेल त्यांनी जरा थांबून विचार करावा. ट्रेनिंग कॅम्पमधून दुसऱ्या कॅम्पला, तिथून बंदरावर, तिथून जहाज, तिथून बेट, तिथून हॉस्पिटल, वर्षभरात माणसाचा पत्ता किती वेळा बदलायचा, आणि प्रत्येक वेळी मित्रांचा धागा तुटायचा, कारण मित्राचा पण पत्ता तितक्याच वेळा बदललेला. दोघांपैकी कोणालाच दुसरा कुठे आहे ते माहीत नाही. न हलणारी गोष्ट एकच, कॉलेज. सगळ्यांना पाठ असलेला एकमेव कायमचा पत्ता. म्हणून दोघं कॉलेजला लिहितात आणि कॉलेज त्यांची गाठ घालून देतं. लॉरेन पोस्ट सरांचं खरं काम संपादनाचं नव्हतंच असं मला वाटतं, यादी ठेवण्याचं होतं. दर महिन्याला खोडायची, नवीन लिहायची. हे काम किती कंटाळवाणं असतं ते ज्याने कधी लग्नाच्या पत्रिकांची यादी केलीय त्याला विचारा.

आणि या यादीची एक वाईट बाजू पण होती, पाकिटं परत यायची. पत्ता चुकला म्हणून परत आलेलं वेगळं, पण काही पाकिटांवर शिक्का किंवा हाताने लिहिलेलं असायचं, मृत किंवा बेपत्ता, पाठवणाऱ्याकडे परत. घरच्यांना आधी अधिकृतपणे कळवलं जायचं आणि मग टपाल परत पाठवायचं असा नियम होता, तरी दूर बसलेल्या सरांना ते पाकिटावरूनच कळणं अगदी शक्य होतं.

टपालाच्या सोयीबद्दल थोडं, कारण मला असल्या गोष्टी फार आवडतात. 1 एप्रिल 1942 पासून अमेरिकन सैनिकाला साध्या पत्राला तिकीट लागत नव्हतं, तिकिटाच्या जागी हाताने फ्री असं लिहायचं, झालं. विमानाने पाठवायचं तर 6 सेंट. जूनपासून व्ही-मेल आलं, एका पानाचा छापील फॉर्म, त्यावर लिहायचं, त्याचा मायक्रोफिल्मवर फोटो काढायचा, फिल्मचं रीळ विमानाने पाठवायचं आणि तिकडे परत कागदावर छापून वाटायचं, मूळ कागदापेक्षा लहान आकारात. दीड लाख साध्या पत्रांना 37 पोती लागायची, वजन सुमारे 1,170 किलो. व्ही-मेल केलं की तेच एका पोत्यात, 20 किलोच्या आसपास. बायकांनी पत्रावर लिपस्टिकचा ठसा उमटवला तर मशीन खराब व्हायचं म्हणून ते करू नका असं सांगावं लागायचं. आता कॉलेजचं पत्रक काही एका पानाच्या फॉर्मवर बसणार नव्हतं, ते जायचं साध्या छापील टपालाने, म्हणजे जहाजाने, म्हणजे पोचेल तेव्हा पोचेल.

पार्सलचं तर अजून मजेशीर. परदेशातल्या सैनिकाला घरून काही पाठवायचं तर पोस्टात त्याचं स्वतःचं मागणीपत्र दाखवावं लागायचं, ख्रिसमसच्या आधीचा ठरावीक महिना सोडला तर. त्यामुळे धड चाललेल्या पत्रात मधेच एकदम, कृपया मला बिस्किटं पाठवावीत, असं सरकारी छापाचं वाक्य दिसलं तर हसू नका, ते पोस्टाच्या खिडकीवर दाखवायला आहे.

सॅन दिएगो एकटंच नव्हतं. न्यू जर्सीत नेवार्कच्या सरकारी टीचर्स कॉलेजच्या ग्रंथपाल नॅन्सी थॉम्प्सन यांनी पण शंभराहून जास्त विद्यार्थ्यांशी असाच पत्रव्यवहार ठेवला आणि पत्रक काढलं. प्राचार्य नाही, बोर्ड नाही, ग्रंथपाल. असली कामं कुठल्याही कॉलेजात कोण करतं ते आपल्याला माहितीच आहे.

आणि अभ्यास! हा भाग मी वाचेपर्यंत माझ्या डोक्यातच आला नव्हता. 1942 मधे विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला सैनिकांसाठी टपालाने शिकवणारी संस्था निघाली, नंतर तिचं नाव युनायटेड स्टेट्स आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट झालं. नाव घालायला 2 डॉलर. बऱ्याच विद्यापीठांचे कोर्स त्यातून करता यायचे. म्हणजे बेटावर तंबूत बसून बीजगणिताची गणितं सोडवायची आणि तपासायला मॅडिसनला पाठवायची. ब्रिटिश युद्धकैद्यांनी तर जर्मन कॅम्पमधे बसून लंडन युनिव्हर्सिटीच्या परीक्षा दिल्या, पुस्तकं ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीतून रेड क्रॉसमार्फत जायची. इकडे आपल्याला लाइट गेली तर परीक्षा पुढे ढकलायची असते.

हे सगळं वाचताना मला राहून राहून आपल्याकडच्या सैनिकांची आठवण येत होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधे लढलेल्या भारतीय सैनिकांची पत्रं आज वाचायला मिळतात ती सेन्सॉरमुळे. फ्रान्समधल्या बोलोन्यला भारतीय टपालासाठी सेन्सॉरचं ऑफिस होतं, तिथे पत्रं वाचून इंग्रजीत भाषांतर करून त्यातले उतारे रिपोर्टला जोडायचे, ते रिपोर्ट लंडनला राहिले. मूळ पत्रं गावोगावी गेली आणि बहुतेक वाळवीने खाल्ली. कित्येकांनी तर ती दुसऱ्याकडून लिहून घेतलेली. म्हणजे सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, भाषांतर करणारा तिसरा, आणि जपणारा कोण, तर ज्याला संशय होता तो. तिकडे अमेरिकेतल्या कॉलेजांत पत्र जपलं त्याने ज्याला उत्तर द्यायचं होतं. फरक मोठा आहे, आणि मला त्याचा थोडा रागही येतो, खरं सांगायचं तर.

1944 च्या जूनमधे अमेरिकेत जीआय बिल नावाचा कायदा पास झाला. परत आलेल्या सैनिकाची वर्षाला 500 डॉलरपर्यंत फी सरकार भरणार, वर महिन्याला 50 डॉलर हातखर्चाला, कुटुंब असेल तर 75. आता परत येणाऱ्यांना विचारायच्या गोष्टी वेगळ्याच, टपालाने केलेल्या कोर्सचे क्रेडिट धरणार का, अर्धवट राहिलेलं सेमिस्टर पहिल्यापासून करायचं का, लग्न झालंय तर राहायची सोय काय. जे जाताना एकटे होते ते आता बायको-पोर घेऊन येणार होते, आणि कॉलेजांची जागेअभावी चांगलीच तारांबळ उडाली. अ‍ॅझ्टेक न्यूज लेटर 1946 मधे बंद झालं. वाचणारे बरेचसे घरी आले होते, पोस्टाने पाठवणार कोणाला.