टेकापो, पुकाकी आणि भाड्याची गाडी : माझा अनुभव

मागच्या नोव्हेंबरच्या शेवटी मी, नवरा आणि सासूबाई न्यूझीलंडच्या साऊथ आयलंडला गेलो होतो. बसची टूर नकोच होती, कारण सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना वाटेल तिथे थांबता यायला हवं. म्हणून क्राइस्टचर्चला गाडी घ्यायची आणि टेकापो आणि पुकाकी ही तळी, मग वानाका करत क्वीन्सटाऊनला सोडायची असं ठरवलं.

लायसन्सची मला फार धाकधूक होती, पण आपलं स्मार्टकार्ड लायसन्स इंग्रजीत आहे त्यामुळे चाललं, तरी मी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून नेलं होतं. अडलं ते क्रेडिट कार्डावर. बुकिंग माझ्या नावाने, कार्ड नवऱ्याचं, आणि काउंटरवर म्हणाले डिपॉझिटचं कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं. पाऊण तास गेला त्यात, शेवटी तो मुख्य आणि मी दुसरी ड्रायव्हर असं करून जादा पैसे भरले. हे घरूनच बघून निघा. आणि काचेचा इन्शुरन्स वेगळा घ्यावा लागतो का तेही विचारा, आम्ही घेतला आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या ट्रकच्या चाकातून खडा उडून काचेला टवका गेलाच.

गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे हाताला सवय असते. नवीन काय तर एकेरी पूल. पुलाआधी गोल पाटीवर दोन बाण असतात, आपल्या बाजूचा बाण लाल आणि छोटा असेल तर आपण थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. मागे गाड्यांची रांग लागली की डावीकडे जागा बघून बाजूला व्हायचं हेही तिथले सगळे पाळतात, मला फार आवडलं ते.

टेकापोच्या काठावर 1935 सालचं दगडी चर्च आहे, भोवती जांभळे गुलाबी ल्युपिन फुललेले (दिसायला सुंदर पण तिथे ते तण मानतात). तो सगळा भाग 2012 पासून डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा काळोख जपायला राखलेला भाग आहे, रस्त्यावरचे दिवेसुद्धा उजेड फक्त खाली पडेल असे वरून झाकलेले. नोव्हेंबरात अंधार पडायला साडेदहा अकरा होतात, आम्ही बाराच्या सुमारास सासूबाईंना शाल गुंडाळून बाहेर आणलं. त्या लहानपणी गावी अंगणात झोपून नक्षत्रं शिकलेल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, अगं मृग उलटा आहे! खरंच उलटा होता, दक्षिण गोलार्धात तसाच दिसतो. नंतर तासभर त्या आत यायला तयार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पुकाकी. हिमनदी खडक घासत खाली येते, त्याची पिठासारखी बारीक पूड पाण्यात तरंगत राहते, त्यावर ऊन पडलं की पाणी दुधात निळा रंग कालवल्यासारखं दिसतं. समोर 3724 मीटरचा माउंट कुक. स्टेट हायवे 80 तळ्याच्या काठाकाठाने त्याच्या पायथ्याशी जातो, तेवढ्या रस्त्यात आम्ही सात वेळा थांबलो, बसमध्ये हे झालंच नसतं. वारा जोरात असतो, दार उघडताना हाताने घट्ट धरा. पुढे टास्मान हिमनदीचं तळं बघायला तीनशेच्या वर पायऱ्या आहेत म्हणून सासूबाई गाडीतच बसल्या, आम्ही वरून तरंगणाऱ्या बर्फाचे फोटो आणून दाखवले.

परत येऊन ट्विझेलला टाकी फुल केली, कारण पुढे लिंडिस पासच्या घाटात बराच वेळ नुसते पिवळ्या गवताचे डोंगर. वानाकाहून क्वीन्सटाऊनला क्राउन रेंजचा 1076 मीटरवरचा घाट मी चालवला, उतरताना गाडी खालच्या गिअरला ठेवली, सतत ब्रेक दाबला नाही, वरंध घाटातली सवय कामी आली. गाडी परत देताना काचेचा टवका आपणहून दाखवला, त्यांनी लिहून घेतलं, एक पैसा लागला नाही.